घर्षणाचा जमाखर्च

पेढीचे काम चांगले चालले आहे हे सांगताना मराठी माणूस 'सुरळीत' हा शब्द वापरतो. दोन भावांचे पटेनासे झाले की 'त्यांच्यात घर्षण आहे' असे म्हणतो. पहिल्या शब्दात समाधान आहे, दुसऱ्यात तक्रार. भाषेच्या खतावणीत घर्षण हे असे कायमचे नावे बाजूला पडलेले आहे. ते इंधन खाते, यंत्र झिजवते, कापड विरवते, चपलेचा तळ पातळ करते. मग त्याच्या नावावर जमा ते काय असणार, असे कोणालाही वाटेल. परंतु दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय कोणतेही खाते मिटवू नये, हा व्यापाराचा पहिला धडा आहे. घर्षणाचे खाते त्याच रीतीने तपासले, तर शिल्लक वेगळी निघते. ती पाहण्यासाठी कोल्हापूर जिल्ह्याच्या बाहेर फार दूर जावे लागत नाही.

एक पृष्ठभाग दुसऱ्यावर सरकू लागला की त्या सरकण्याला जो विरोध होतो, ते घर्षण. डोळ्याला आरशासारखी भासणारी पोलादाची पट्टीही सूक्ष्मदर्शकाखाली डोंगरदऱ्यांच्या मुलखासारखी दिसते. अशा दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या तर त्या सर्वत्र टेकत नाहीत; केवळ शिखरे शिखरांना भिडतात. भार वाढला की शिखरे दबतात, भिडण्याच्या जागा वाढतात आणि घर्षणही जवळजवळ त्याच प्रमाणात वाढते. म्हणून जड पेटी आडवी सरकवली काय आणि उभी सरकवली काय, जोर साधारण सारखाच लागतो. तो कमी करायचा तर पेटीतले सामान काढावे लागते. ही गोष्ट लिओनार्दो दा विंची याने १४९३ च्या सुमारास आपल्या टिपणवहीत नोंदवून ठेवली होती, पण ती वही जगापुढे आली नाही. दोनशे वर्षांनी, १६९९ मध्ये, फ्रान्समधील आमाँताँ याने तोच नियम स्वतंत्रपणे मांडला आणि पुढे कूलाँ याने प्रयोगांनी तो पक्का केला. त्याच्याच जोडीची आणखी एक गोष्ट घरोघरी अनुभवाची आहे. वस्तू जागची हलण्यापूर्वीचा विरोध हा ती हलू लागल्यानंतरच्या विरोधापेक्षा सहसा अधिक असतो. कपाट सरकवताना पहिल्या धक्क्याला तिघे लागतात, मग दोघे पुरतात.

नावे बाजूची रक्कम लहान नाही. २०१७ साली होल्मबर्ग आणि एर्देमिर या दोन शास्त्रज्ञांनी केलेल्या हिशेबानुसार, जगात वापरल्या जाणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २३ टक्के ऊर्जा एकमेकांवर घासणाऱ्या भागांपायी खर्च होते. त्यातील २० टक्के घर्षणावर मात करण्यात जाते आणि ३ टक्के झिजलेले भाग पुन्हा घडविण्यात. मोटारीत जळणाऱ्या इंधनाच्या शक्तीचा जवळजवळ तिसरा हिस्सा इंजिन, गिअर, टायर आणि ब्रेक यांच्या घर्षणात संपतो. जुन्या काळी बैलगाडीवान गाडीखाली वंगणाची नळी टांगत असे आणि अंतर तोडण्यापूर्वी आस माखून घेत असे, तो याच खर्चाला आळा घालीत होता. आजचे ग्रीस आणि बेअरिंग हे त्या नळीचेच वंशज होत.

आता जमा बाजू. तिची पहिली नोंद अंगावरच्या कपड्यात आहे. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग उभा केला आणि तेव्हापासून हे गाव कापडावर वाढले. या व्यवसायात पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या कुटुंबांनाही एक प्रश्न क्वचित पडतो : सुताला सूत म्हणून धरून कोण ठेवते? कापसाचा तंतू साधारण २.५ ते ३ सेंटीमीटर लांबीचा. सुताचा धागा शेकडो मीटर सलग. मध्ये कोठे गाठ नाही, डिंक नाही, शिवण नाही. तंतूंना पीळ दिलेला असतो आणि पिळामुळे ते एकमेकांना घट्ट बिलगतात. त्यांचे परस्परांवरील घर्षण हाच काय तो बांध. धागा ताणला की पीळ अधिक आवळतो, तंतू अधिक दाबले जातात आणि घर्षण वाढते. म्हणजे ओढणाऱ्याच्या जोरानेच धागा बळकट होतो. घर्षण क्षणभर नाहीसे झाले, तर दुकानातले तागेच्या तागे जमिनीवर कापसाचा ढीग होऊन पडतील.

परंतु हाच धागा ताणा म्हणून मागावर चढतो तेव्हा चित्र पालटते. फणीच्या दातांतून तो मिनिटामिनिटाला कित्येकदा पुढे-मागे घासला जातो आणि त्या घासण्याने तुटू लागतो. म्हणून बीम मागावर जाण्यापूर्वी त्याचे सायझिंग होते. सुतावर खळीचा पातळ थर चढतो, वर आलेले तंतू बसतात आणि धागा गुळगुळीत होतो. कापड विणून झाल्यावर ही खळ धुऊन काढतात. आतल्या घर्षणावर धागा उभा आणि बाहेरच्या घर्षणापासून त्याला जपायचे; एकाच सुतावर दोन्ही नोंदी आहेत. सायझिंग करणारा घर्षणाचा शत्रूही नव्हे आणि भक्तही नव्हे. ते कोठे हवे आणि कोठे नको, एवढेच तो जाणतो. घर्षणाविषयी जाणण्यासारखे जे आहे, त्यातले बहुतेक यातच आले.

हीच जाण गुऱ्हाळावर दिसते. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसविलेल्या शाहूपुरीच्या बाजारपेठेने कोल्हापूरचा गूळ देशभर नेला. त्या गुळाचा आरंभ चरकाच्या लाटांपाशी होतो. ऊस लाटांत कोणी ढकलीत बसत नाही. टोक एकदा भिडले की लाटाच त्याला आत ओढतात. हे ओढणे म्हणजे केवळ घर्षण. म्हणून लाटांवर खाचा पाडलेल्या असतात. त्या झिजून गुळगुळीत झाल्या की ऊस घसरतो, चरक फिरत राहतो आणि रस निघत नाही. साखर कारखान्यांत तर लाटांच्या दातांवर वेल्डिंगने धातूचे बारीक कण चढवून त्यांना मुद्दाम खरखरीत करतात. मात्र याच लाटांची टोके ज्या बेअरिंगमध्ये फिरतात तेथे तेलाची धार तुटू दिली जात नाही. वीतभर अंतरावर एकीकडे खरखर जोपासायची आणि दुसरीकडे ती मारायची. ज्याने जागांची अदलाबदल केली, त्याचा ऊसही गेला आणि चरकही.

शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील ओतकामाच्या कारखान्यांनी कोल्हापूरचे नाव देशाच्या वाहन-उद्योगात नेले. तेथे ओतले जाणारे करडे बीड हे या विषयातले मोठे नवल आहे. या बिडात ग्रॅफाइटचे सूक्ष्म पापुद्रे असतात. पेन्सिलीच्या शिशात असते तेच ग्रॅफाइट. ते स्वतःच वंगणासारखे वागते, म्हणून इंजिनाचा सिलिंडर या बिडाचा करतात. असा सिलिंडर काचेसारखा गुळगुळीत करणे चांगले, असे नवख्याला वाटते. जाणता कारागीर तसे करीत नाही. तो होनिंग करून आतल्या भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेषा पाडतो, कारण तेल त्या रेषांतच टिकते. फार गुळगुळीत भिंतीवर तेल ठरत नाही आणि पिस्टनच्या कड्याही नीट बसत नाहीत. आणि वाहन थांबविणारा ब्रेकचा ड्रम? तोही बहुधा याच करड्या बिडाचा, कारण ते झीज सोसते आणि उष्णता लवकर वाहून नेते. धातू एकच; सिलिंडरात त्याने घर्षण वाचवायचे, ड्रममध्ये घर्षण पुरवायचे.

पुरविलेले घर्षण टिकवावेही लागते, ही गोष्ट पूर्वी घरातल्या स्त्रियांना पाठ होती. जाते दळून दळून गुळगुळीत झाले की पीठ भरड निघू लागे. मग टाकी लावणाऱ्याला बोलावून दोन्ही दगड पुन्हा खडबडीत करून घेत. खलबत्ता, पाटा-वरवंटा, चंदन उगाळण्याची सहाण, या सर्वांचे मोल त्यांच्या खरखरीत अंगावर होते. सहाण काचेची असती तर खोड जसेच्या तसे राहिले असते आणि गंध मिळाले नसते. आजच्या घरात जाते नाही, पण टाकी लावण्याची वेळ चुकू नये अशी एक वस्तू दारात उभी असते. ती म्हणजे वाहनाचे टायर.

टायरचे घर्षण मोठे फसवे असते. कोरड्या रस्त्यावर झिजलेला टायरही चांगली पकड घेतो, त्यामुळे उन्हाळाभर चालकाला काही जाणवत नाही. टायरवरच्या खाचांचे खरे काम पावसात असते. रस्ता आणि रबर यांच्यामध्ये आलेले पाणी त्या खाचा बाहेर काढून टाकतात. खाच नसेल तर पाण्याला वाट मिळत नाही आणि वेग वाढला की टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो. अशा वेळी सुकाणूही ऐकत नाही आणि ब्रेकही. मोटारीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरहून कमी नसावी, असा नियम आहे तो यासाठी. रस्ता केवळ ओला असला, तरी हिशेब किती बदलतो पाहा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार चांगल्या कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून साधारण २० मीटरांत थांबते. ओल्या रस्त्यावर तिला साधारण ३५ मीटर लागतात. त्याआधी चालकाच्या मनात विचार येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी १७ मीटर पुढे गेलेली असते, ती वेगळीच. वेग दुप्पट केला तर थांबण्याचे अंतर चौपट होते. पहिल्या पावसात रस्त्यावर साचलेली धूळ आणि तेल पाण्यात मिसळून निसरडा थर होतो, तेव्हा तर हा हिशेबही अपुरा पडतो.

आणि मग घाट. कोल्हापूरचा माल कोकणात उतरतो तो आंबा, करूळ, भुईबावडा किंवा फोंडा घाटाने. मालासह १६ टन भरलेला ट्रक ५०० मीटर खाली उतरतो असे धरले, तर त्या उतरण्यात मोकळी होणारी ऊर्जा साधारण २५० लिटर पाणी उकळीस आणण्याइतकी असते. ही ऊर्जा कोठे तरी जाणारच. घर्षणाने तिची उष्णता झाली नाही, तर तिचा वेग होतो. उतारभर पाय ब्रेकवर ठेवला की हा सारा भार ब्रेकच्या ड्रमवर पडतो. ड्रम तापतात, लायनिंगची पकड सुटत जाते आणि शेवटच्या वळणावर पेडल दाबूनही ट्रक थांबत नाही. ब्रेक 'फेल' झाला असे लोक म्हणतात. पुष्कळदा कोणताही भाग मोडलेला नसतो; घर्षणाची पुंजी वरच्या वळणांवरच खर्च होऊन गेलेली असते.

म्हणून जुने चालक सांगतात, जो गिअर चढताना तोच उतरताना. खालच्या गिअरमध्ये चाकांना इंजिन फिरवावे लागते आणि इंजिनाच्या आतला विरोध वेग धरून ठेवतो. चढणीवर डिझेल खाणारे म्हणून ज्या विरोधाला नावे ठेवली जातात, तोच उतारावर माणसांचे प्राण राखतो. थोडे डिझेल वाचावे म्हणून उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारा चालक नेमके हे घर्षण फेकून देतो. पण सारा दोष चालकाच्या माथी मारून भागत नाही. १६ टनांऐवजी २० टन भरले, तर ब्रेकवर येणारी उष्णता चौथाईने वाढते. ड्रम मात्र तेवढेच राहतात. हा निर्णय घाटात होत नाही. तो गोदामात, माल चढवताना, मालकाच्या नजरेसमोर होतो. जादा चार टनांचे भाडे वहीत जमा दिसते; त्यासाठी घाटात काय गहाण पडले, त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. परस्परांच्या जिवाची काळजी वाहणे हा ज्या समाजाचा आचार आहे, त्याने ही नोंद स्वतःहून करावयास हवी.

व्यवहारातही घर्षणाला जागा असते, हे सराफांच्या इतके कोणी ओळखले नाही. गुजरीतल्या जुन्या पेढ्यांवर काळ्या दगडाची कसोटी असे. दागिना तिच्यावर घासायचा, शेजारी ज्ञात कसाच्या सोन्याची रेघ ओढायची, दोहोंवर तेजाबाचा थेंब सोडायचा आणि कोणती रेघ किती टिकते ते पाहायचे. कस, कसोटी, निकष हे सारे शब्द ज्या 'कष्' धातूपासून आले, त्याचा अर्थच घासणे असा आहे. कसोटीचा दगड फार खडबडीत असेल तर सोने वाया जाते. काचेसारखा असेल तर रेघच उमटत नाही. योग्य तेवढी खरखर असली तरच खरे-खोटे निवडते. त्यात सोन्याचा अत्यल्प कण जातो, पण त्या कणाच्या मोलाने विश्वास मिळतो. नको असलेले घर्षणही सराफच मोजत असे. हातोहाती फिरून झिजलेल्या रुपयाला तो बट्टा कापून घेई, ११.६६ ग्रॅमचे नाणे किती उतरले आहे, हे तराजू सांगे. नावाला बट्टा लागणे हा वाक्प्रचार त्या तराजूवरूनच संसारात आला.

आज हॉलमार्कचा शिक्का आहे, यंत्राने न घासताही कस कळतो आणि मोबाइलवरून पैसे क्षणात पोचतात. हे सारे सोयीचे आहे आणि त्याचा लाभ घ्यावाच. तरीही पेढीवर काही जागी थोडी खरखर मुद्दाम राखलेली असते, ती काढून टाकण्यापूर्वी तिचे काम समजून घ्यावे. रोख मोजून देताना हात क्षणभर अडखळतो आणि त्या क्षणात खर्चाचा विचार होतो. मोठ्या रकमेवर दोन भागीदारांच्या सह्या लागतात, तेव्हा दिवस मोडतो, पण चूकही तेथेच अडते. रात्री गल्ला आणि रोजमेळ जुळवून पाहण्यात अर्धा तास जातो. दहा रुपयांचा फरक तेव्हाच सापडला तर वर्षाअखेरीस दहा हजारांचा शोध घ्यावा लागत नाही. शिकून आलेला मुलगा या पद्धतींना वेळखाऊ म्हणतो आणि वडील त्यांना शिस्त म्हणतात. पुष्कळदा दोघांचेही थोडे बरोबर असते. यातली कोणती खरखर लाटेवरची आहे आणि कोणती बेअरिंगमधली, एवढे दोघांनी एकत्र बसून ठरविले तर वाद बराचसा मिटतो. गिऱ्हाइकाला बिलासाठी ताटकळत ठेवणे ही बेअरिंगमधली खरखर. तेथे तेल घालावे. उधारीची मर्यादा ओलांडताना विचारावी लागणारी परवानगी ही लाटेवरची. ती पुसू नये.

तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात पुद्गलांच्या बंधाचे कारण सांगताना स्निग्धता आणि रूक्षता या दोहोंचाही उल्लेख येतो. तो विषय आजच्या पदार्थविज्ञानातल्या घर्षणाहून वेगळा आहे आणि दोहोंची सरमिसळ करणे योग्य नव्हे. तरी बांधून ठेवण्याच्या कामी रूक्षतेलाही वाटा आहे, हा विचार या वाचकांना परका नाही. एकत्र कुटुंबात आणि भागीदारीत मतभेद होणारच. ते मुळीच नसावेत असा हट्ट धरला तर कोणी खरे बोलत नाही आणि चुका पोटात वाढतात. मतभेद कसा असावा, याचे मापही शास्त्रकारांनी दिलेल्या दृष्टांतातच आहे. क्रोधाच्या चार प्रती सांगताना त्यांनी चार रेघा सांगितल्या : दगडावरची, मातीवरची, वाळूवरची आणि पाण्यावरची. घासल्यावाचून कस कळत नाही हे खरे. पण सराफसुद्धा दागिना पारखून झाला की कसोटी पुसून ठेवतो. उद्याच्या दागिन्याची रेघ कालच्या रेघेवर ओढली, तर कोणताच कस खरा कळत नाही.